हिशोब बरोबर, आकडा चुकला



मी खारदांड्याहून बोलते आहे. मुंबईत खार स्टेशनच्या पश्चिमेला, समुद्राला लागून आमचा कोळीवाडा आहे. आजूबाजूला उंच इमारती झाल्या, तरी दांड्याच्या किनाऱ्याला अजून होड्या लागतात आणि उन्हात बोंबील वाळतात. मी मासळी विकते. आमच्या बचत गटाची वहीही माझ्याकडेच असते. त्यामुळे माझा सगळा दिवस आकड्यांत जातो. पाटी कितीला पडली, बर्फाला किती गेले, वाटा कितीला लावायचा, उधारी कुणाकडे राहिली.

आज मला कॉम्प्युटरच्या प्रोग्रामिंगबद्दल बोलायचं आहे. रेडिओ बंद करू नका! मलाही वाटायचं, हे आपलं काम नाही. पण माझी लेक इंजिनिअरिंगला आहे, कॉम्प्युटर शाखेत. तिच्या एका चुकीतून मी जे शिकले, ते गटाच्या वहीलाही लागू पडलं. म्हणून सांगते.

प्रोग्राम म्हणजे मशीनला लिहून दिलेली कामाची यादी. आधी हे घे, मग त्यात ते मिळव, मग याने भाग, आणि शेवटी उत्तर लिही. आपण नव्या सुनेला रस्सा शिकवतो तसंच, फक्त ही सून स्वतःच्या मनाने काहीच करत नाही. मीठ घाल म्हणायला विसरलात, तर ती मीठ घालणार नाही.

या प्रोग्रामिंगच्या स्पर्धा होतात. कोडशेफ नावाचं स्पर्धांचं एक मोठं ठिकाण २००९ साली मुंबईतल्याच डायरेक्टाय कंपनीने सुरू केलं. कॉलेजच्या मुलामुलींसाठी आयसीपीसी नावाची जगभरची स्पर्धा असते. तीन जणांचा एक संघ, तिघांना मिळून एकच कॉम्प्युटर, आणि वेळ पाच तास. एक प्रश्न सुटला की त्या संघाच्या टेबलावर एक फुगा बांधतात. पण चुकीचं उत्तर पाठवलं आणि तो प्रश्न नंतर सुटला, तर प्रत्येक चुकीमागे वीस मिनिटांचा दंड.

या स्पर्धांत परीक्षक माणूस नसतो, तोही मशीनच. त्याच्याकडे लपवून ठेवलेली उदाहरणं असतात आणि त्यांची उत्तरं असतात. तुमचा प्रोग्राम तो त्या उदाहरणांवर चालवतो आणि उत्तर ताडून पाहतो. एक जरी उत्तर जुळलं नाही, की शिक्का बसतो, ‘चुकीचं उत्तर’. कुठे चुकलं, किती चुकलं, ते सहसा सांगत नाही.

कॉलेजच्या संघात तीन मुली घ्यायच्या होत्या. त्यासाठी एका रविवारी संध्याकाळी घरूनच स्पर्धा होती, तीन तासांची. लेक माळ्यावर बसली होती. खाली आम्ही टीव्हीसुद्धा लावला नाही. दोन प्रश्न तिने भराभर सोडवले. तिसऱ्याला अडली. उत्तर पाठवलं, चुकीचं. परत पाठवलं, चुकीचं. चार वेळा तेच झालं आणि वेळ संपली. खाली येऊन म्हणाली, “आई, मला हे जमणारं नाही. मी दुसरं काहीतरी करते.” जेवलीही नाही.

तुमच्या घरी शिकणारी मुलगी असेल, तर हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. एका संध्याकाळच्या चुकीवरून मुली स्वतःच्या डोक्यालाच दोष देतात. मला त्याचीच भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी मी मांदेली साफ करत बसले होते. तिला म्हटलं, “इथे बस आणि तो प्रश्न मला मोठ्याने वाचून दाखव.” ती म्हणाली, “तुला काय कळणार?” मी म्हटलं, “नाही कळलं तर नाही कळलं. वाच तर.”

प्रश्न साधाच होता. एक रक्कम आहे, ती दर फेरीला काही टक्क्यांनी वाढते, शेवटी एकूण किती ते पूर्ण रुपयांत लिहा. प्रश्नातच दोन लहान उदाहरणं दिलेली होती. मी तिला म्हटलं, “यातलं एक आपण हाताने करू.” मी बोटांवर केलं, तिने मशीनवर केलं. दोघींचं उत्तर अडीच हजार आलं. दुसरंही जुळलं.

मग मी विचारलं, “मोठी रक्कम घालून बघितलीस का?” ती म्हणाली, “रीत तीच आहे, लहानाला चालते तर मोठ्यालाही चालणार.” मी म्हटलं, “बाळा, एका पाटीचा हिशोब कुणाचाही बरोबर येतो. भांडण होतं ते मोसम संपल्यावर. जूनमध्ये मासेमारी बंद होते आणि सगळ्या होडीचा हिशोब मांडायला बसतात, तेव्हा.”

तिने मोठी रक्कम घातली. पडद्यावर जे आलं ते मी तिच्या वहीत उतरवून घेतलं होतं. एक, पॉइंट, दोन तीन चार पाच सात, मग इंग्रजी ई, मग अधिकचं चिन्ह, मग शून्य सहा. म्हणजे ‘१.२३४५७ई+०६’.

मी विचारलं, “हे काय आहे?” ती बघतच राहिली. खरं उत्तर होतं बारा लाख चौतीस हजार पाचशे सदुसष्ट. मशीनने ते शास्त्रज्ञांच्या रीतीने लिहिलं होतं. त्याचा अर्थ, एक पॉइंट दोन तीन चार पाच सात या आकड्याला दहा लाखांनी गुणा. गुणलं की येतात बारा लाख चौतीस हजार पाचशे सत्तर. म्हणजे तीन रुपये जास्तच झाले.

झालं असं होतं. मधे टक्केवारी होती, म्हणून तिने रक्कम दशांशाच्या खणात ठेवली होती. ती ज्या भाषेत प्रोग्राम लिहिते, त्या सी प्लस प्लसची एक सवय आहे. वेगळं काही सांगितलं नाही, तर अशा खणातला आकडा ती सहा अंकांतच लिहिते. नऊ लाख नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णवपर्यंत सगळं सुरळीत. दहा लाख झाले, की ई येतो. आतमध्ये हिशोब नीट झालेला असतो, बिघडतं ते फक्त लिहिताना. बँकेने पासबुकात ‘बारा लाख पस्तीस हजारांच्या आसपास’ असं लिहून दिलं, तर आपण घेऊ का? परीक्षकाने घेतलं नाही, ते बरोबरच होतं.

दुरुस्ती एका ओळीची होती. ‘आकडा पुरता लिही, पॉइंटनंतर काही नको’ एवढंच मशीनला सांगायचं. रविवारी ती दीड तास आपली रीतच मोडून पुन्हा मांडत होती. रीत बरोबर होती. तिने शेवटच्या ओळीकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

त्या दिवसापासून मला गोडी लागली. मी तिला म्हटलं, “असे आणखी कुठे कुठे फसतात, ते मला सांग.” तिने सांगितलं आणि आमच्या ओट्यावर शाळाच भरली.

तिने पहिलं सांगितलं ते पैशांचं. शून्य पॉइंट एकोणतीस रुपये, म्हणजे एकोणतीस पैसे. त्याला शंभरने गुणलं तर किती? एकोणतीस. पण मशीनला हे दशांशात करायला लावलं आणि पॉइंटनंतरचं टाकून पूर्ण आकडा लिही म्हटलं, तर ते लिहितं अठ्ठावीस. एक पैसा गेला! तिने करून दाखवलं. मशीनच्या आत अठ्ठावीस पॉइंट नऊ नऊ नऊ असं काहीतरी होतं. पॉइंटनंतरचं कापल्यावर अठ्ठावीसच उरले.

तसंच दहा पैसे आणि वीस पैसे मिळवले, की तीस पैसे व्हायला हवेत. मशीनला पूर्ण आकडा दाखव म्हटलं, तर ते शून्य पॉइंट तीन लिहितं, मग पंधरा शून्यं आणि शेवटी एक चार. मी म्हटलं, “एवढं महागाचं मशीन आणि त्याला तीस पैसे येत नाहीत?”

लेकीने समजावलं. आपण दहाच्या हिशोबाने मोजतो, मशीन दोनच्या. त्याच्याकडे अर्धा आहे, पाव आहे, पावाचा अर्धा आहे, त्याचाही अर्धा आहे. यांच्या बेरजेत जे बसतं, तेच त्याला नेमकं लिहिता येतं. आपण दहा रुपये तिघींत वाटायला गेलो, की तीन पॉइंट तीन तीन तीन चालूच राहतं. मशीनला एक दशांश लिहायला सांगितला, की त्याचं तसंच होतं. कधी संपतच नाही. मग ते कुठेतरी थांबतं आणि थोडासा चुरा उरतो.

माझ्या सासूबाई शेजारी बसून ऐकत होत्या. त्या हसल्या आणि नातीला म्हणाल्या, “बाय, तुझं मशीन अजून आण्यातच मोजतंय!”

मैत्रिणींनो, याहून सोपं करून कुणी सांगितलं नसतं. जुना रुपया सोळा आण्यांचा. अर्धा रुपया आठ आणे, पाव रुपया चार आणे, त्याचा अर्धा दोन आणे, त्याचा अर्धा एक आणा. वजनंही तशीच होती. शेर, अर्धा शेर, पावशेर, नवटाक, छटाक. सगळं अर्ध्याचं अर्धं. मशीनची रीत तीच आहे. आणि आपण १ एप्रिल १९५७ पासून शंभर पैशांच्या रुपयात आलो.

सासूबाई तेव्हा लहान होत्या, आईच्या टोपलीशेजारी बसायच्या. त्यांना तो घोळ आठवतो. एक आणा म्हणजे बरोबर सव्वासहा नवे पैसे. पण पाव पैशाचं नाणं कुठून आणणार? म्हणून सरकारी कोष्टकात एका आण्याचे सहा नवे पैसे, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस, चार आण्यांचे पंचवीस असं ठरलं. आता बघा. गिऱ्हाइकाने चार वेळा एकेक आण्याची मासळी घेतली आणि दर वेळी सहा पैसे दिले, तर तुमच्या हाती चोवीस आले. एकदम चार आण्यांची घेतली, तर पंचवीस. सोळा वेळा एकेक आणा घेतला, तर शहाण्णव पैसे आले आणि रुपयातले चार पैसे गेले. चोरी कुणी केली नाही. प्रत्येक वेळी तुकडा टाकून दिला, त्याची ही किंमत.

यातून दोन नियम निघतात. ते प्रोग्राम लिहिणाऱ्या मुलीलाही लागतात आणि गटाची वही लिहिणारीलाही. पहिला, मधल्या प्रत्येक पायरीवर तुकडा टाकू नका. शेवटी, एकदाच पूर्ण करा. दुसरा, पैशांचा हिशोब मशीनकडून करून घ्यायचा असेल, तर तो पैशांत करा आणि दाखवताना रुपयांत दाखवा. एकोणतीस पैसे हा पूर्ण आकडा आहे, त्यात मशीन चुकत नाही.

पहिला नियम मोडल्यावर काय होतं, त्याची एक खरी गोष्ट आहे. कॅनडात व्हँकूवर नावाचं शहर आहे. तिथल्या शेअर बाजाराने जानेवारी १९८२ मध्ये एक निर्देशांक सुरू केला, म्हणजे बाजार वर आहे की खाली ते दाखवणारा एक आकडा. सुरुवात १००० पासून केली. दर सौद्यानंतर कॉम्प्युटर तो आकडा नव्याने काढायचा आणि पॉइंटनंतरचे तीन अंक ठेवून पुढचे कापून टाकायचा. जवळच्या आकड्यावर न्यायला हवं होतं, ते न करता नुसतं कापत होता. दिवसाला असं हजारो वेळा व्हायचं. नोव्हेंबर १९८३ येईपर्यंत आकडा ५२० च्या आसपास उतरला. लोकांना वाटलं, बाजार बुडाला. चूक सापडल्यावर नीट मोजलं, तर खरा आकडा १०९८ च्या वर निघाला. बाजार वाढला होता. कण कण कापला गेला आणि निम्मं दिसेनासं झालं.

पूर्ण आकडा करण्याचेही प्रकार आहेत, हे मला माहीतच नव्हतं. अडीचचे किती करायचे? शाळेत आपल्याला तीन शिकवलं. १९५७ च्या कोष्टकात दोन आण्यांचे साडेबारा पैसे होत होते, ते बाराच धरले. अर्धा पैसा सोडून दिला. आणि पायथन नावाची भाषा आहे, तिला अडीचचा पूर्ण आकडा विचारला तर ती दोन सांगते, आणि साडेतीनचा विचारला तर चार. बरोबर मधोमध असलेला आकडा ती सम आकड्याकडे नेते. तीन ठिकाणी तीन रीती. यातली कुठलीही खोटी नाही. कुठली धरायची, ते प्रश्नात लिहिलेलं असतं. ते वाचायचं राहिलं, की उत्तर चुकतं.

आपल्या गटात हेच होतं. समजा, हजार रुपये व्याज आलं आणि बारा जणींत वाटायचं आहे. प्रत्येकीला त्र्याऐंशी रुपये तेहेतीस पैसे. बारा वेळा मिळवा, नऊशे नव्याण्णव रुपये शहाण्णव पैसे होतात. इथेही चार पैसे उरले! त्र्याऐंशीच दिले, तर चार रुपये उरतात. रक्कम छोटी आहे, पण ती वहीत कुठेच लिहिली नाही, तर वर्षाच्या शेवटी वही आणि पेटी जुळत नाही. मग वही लिहिणारीकडे सगळ्या बघतात. म्हणून उरलेल्या रकमेची वेगळी ओळ ठेवा आणि ती कुठे जमा करायची, हे सभेत आधीच ठरवा.

आता शून्याबद्दल. स्पर्धेत एकदा वेळ लिहायची होती, नऊ वाजून पाच मिनिटं. एका मैत्रिणीच्या प्रोग्रामने लिहिलं, नऊ, दोन टिंबं, पाच. हवं होतं नऊ, दोन टिंबं, शून्य पाच. मशीनला पाच म्हणजे पाच, पुढचं शून्य त्याच्या दृष्टीने फुकटचं. ‘मिनिटं दोन अंकांत लिही’ असं बजावावं लागतं.

हे ऐकताना माझ्या पोटात धस्स झालं. कारण तेव्हाच आमच्या गटातल्या एका मावशीचे पैसे अडकले होते. खात्यांची यादी आम्हीच कॉम्प्युटरवर टाइप करून दिली होती. ‘खातं जुळत नाही’ म्हणून तिचं नाव परत आलं. मावशी दोन फेऱ्या मारून आली. तिला वाटलं, आपलं खातंच बंद झालं. लेकीने यादी उघडली आणि पासबुकाशेजारी ठेवली. पासबुकात नंबर शून्याने सुरू होत होता. यादीत ते शून्य नव्हतं. शीटने तो नंबर म्हणजे रक्कम समजली आणि पुढचं शून्य गाळलं. आणखी एकीचा नंबर सोळा अंकी होता. अशा शीटमध्ये साधा आकडा पंधरा अंकांपर्यंतच नेमका राहतो. सोळाव्या जागी पासबुकात सात होता, शीटमध्ये शून्य झालं होतं. शिवाय वरून दिसत होता तोच तो ई.

लेक म्हणाली, “आई, खाते नंबर हा आकडाच नाही.” खरंच आहे. ज्याची कधी बेरीज करायची नाही, तो आकडा नाही, ते नाव आहे. खाते नंबर, आधार नंबर, मोबाईल, पिनकोड, ही सगळी नावं. म्हणून टाइप करण्याआधी तो रकाना ‘टेक्स्ट’ म्हणजे अक्षरांचा करून घ्यायचा. आधी, नंतर नाही. एकदा गेलेला अंक रकाना बदलून परत येत नाही, तो पासबुक बघूनच घालावा लागतो. मावशीची यादी आम्ही दुरुस्त करून दिली आणि पैसे जमा झाले.

राहिला स्वल्पविराम. आपण बारा लाख लिहिताना आधी तीन अंकांवर आणि मग दोन दोन अंकांवर स्वल्पविराम देतो, १२,३४,५६७. अमेरिकेत दर तीन अंकांवर देतात, १,२३४,५६७. जर्मनीत तर जिथे आपण पॉइंट देतो, तिथे स्वल्पविराम देतात. माणूस समजून घेतो. मशीन घेत नाही. सी सारख्या भाषेत पूर्ण आकडा वाचायला सांगितला आणि समोर एक, स्वल्पविराम, तीन शून्यं अशी रक्कम आली, तर ते स्वल्पविरामाशी थांबतं आणि एकच रुपया धरतं. एक हजाराचा एक! म्हणून मशीनला द्यायचा आकडा सलग, आणि माणसाला दाखवायचा आकडा स्वल्पविरामासह.

खणाच्या मापाचंही एक आहे. पूर्ण आकड्यांचा जो नेहमीचा खण असतो, त्यात जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ मावतात, म्हणजे दोनशे चौदा कोटींच्या वर थोडे. त्यापुढे गेलं, की बहुतेक वेळा आकडा उणे होऊन बसतो. उत्तर अचानक उणे दिसलं, तर समजायचं, टोपली लहान पडली. मोठी घ्या.

तर चूक शोधायची कशी? प्रोग्राममधल्या चुकीला इंग्रजीत बग म्हणतात, बग म्हणजे किडा. हा शब्द जुना आहे, पण ९ सप्टेंबर १९४७ ला अमेरिकेत हार्वर्ड मार्क टू नावाच्या मशीनमध्ये खराच एक पतंग अडकलेला सापडला. तो तिथल्या लोकांनी नोंदवहीत चिकटवून ठेवला. त्या मशीनवर काम करणाऱ्यांत ग्रेस हॉपर नावाची बाई होती. पुढे ती कॉम्प्युटरच्या जगात फार मोठी झाली, आणि ही गोष्ट ती लोकांना आवडीने सांगायची. किडा दिसला की झटकून टाकू नका, तो कुठे सापडला ते लिहून ठेवा, हे मला त्यातून आवडलं.

आम्ही मायलेकींनी जी रीत बसवली, ती सांगते.

प्रश्न मोठ्याने वाचायचा, दुसऱ्या कुणाला तरी ऐकवायचा. ऐकणारीला प्रोग्रामिंग आलं पाहिजे असं नाही. सांगता सांगता आपलीच चूक आपल्याला ऐकू येते. आणि शेवटची ओळ, ‘उत्तर असं लिहा’, ती दोनदा वाचायची. पूर्ण रुपयांत की दोन दशांश स्थळांत, अडीच रुपये की दोन रुपये पन्नास पैसे.

मग एक लहान उदाहरण हाताने करायचं. मशीनशी जुळलं, तर रीत बरोबर आहे असं धरून चालायचं आणि तिला मोडायचं नाही.

त्यानंतर टोकाची उदाहरणं घालायची. सगळ्यात मोठं, सगळ्यात लहान, शून्य, बरोबर अर्ध्यावरचं, आणि ज्यात शून्याने सुरू होणारं काही आहे ते. चूक मधे राहत नाही, ती कडेला असते, टोपलीच्या बुडाशी आणि काठाशी.

तरीही सापडली नाही, तर मधल्या प्रत्येक पायरीला आकडा लिहून बघायचा. धक्क्यावर किती होते, बर्फानंतर किती, टेम्पोनंतर किती. कुठल्या थांब्यावर बिघडलं, ते कळतं.

आणि एका वेळी एकच बदल करायचा. चार बदल एकदम केले आणि जुळलं, तरी कशाने जुळलं ते कळत नाही.

मैत्रिणींनो, माझी लेक त्या वर्षी संघात आली नाही. त्या प्रश्नाने तिची जागा गेली, हे खरं. पण तिने शाखा बदलली नाही. तिच्या टेबलावर आता एक वही असते. त्यात डाव्या पानावर ‘काय मागितलं’ आणि उजव्या पानावर ‘मी काय लिहिलं’. प्रत्येक चूक तारखेसह. पुढच्या वर्षी ती पुन्हा बसणार आहे.

तुमच्या गावातल्या मुलींना शिकायचं असेल, तर पवईच्या आयआयटी मुंबईचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा उपक्रम आहे. सी, सी प्लस प्लस आणि लिब्रे ऑफिससारख्या गोष्टींचे धडे तिथे मराठी आवाजात ऐकायला मिळतात, आणि ते फुकट आहेत. गटात एखादा मोबाईल असला, तरी सुरुवात होते.

आणि मुलगी कधी रडवेली होऊन म्हणाली, ‘मला जमत नाही’, तर तिला एकदम ‘जमेल गं’ म्हणू नका. तिला शेजारी बसवा आणि विचारा, “तुला काय मागितलं होतं? तू काय लिहिलंस? दोन्ही मला वाचून दाखव.” कितीदा तरी हिशोब बरोबर असतो, आकडा लिहायचा राहिलेला असतो.

आज गटाची सभा असेल, तर वही उघडा. आधी खाते नंबरांची पहिली शून्यं मोजा, मग बाकीचं काम.